अकापुल्को : चीनहून न आलेलं ‘चिनी’ जहाज

अकापुल्कोच्या बस स्टँडबाहेर निळ्या-पांढऱ्या रंगाची एक जुनी फोक्सवॅगन बीटल आमच्यासमोर येऊन थांबली. या शहरात टॅक्सी म्हणजे हीच गाडी. ड्रायव्हर पन्नाशीचा होता. आरशातून आम्हा दोघांकडे बघत त्यानं विचारलं, “हिंदू?”

मी हो म्हटलं. शेजारी बसलेला माझा मित्र वसईचा, सात पिढ्यांचा कॅथलिक. गळ्यात क्रॉस. तो मराठीत पुटपुटला, “आता याला काय सांगू?” आणि मग स्पॅनिशमध्ये म्हणाला, “हो, हिंदू.”

मेक्सिकोत राहून आम्हाला तेव्हा चार महिने झाले होते. प्रोजेक्टसाठी कंपनीनं आम्हाला मेक्सिको सिटीला पाठवलं होतं. या प्रश्नाची सवय पहिल्याच आठवड्यात झाली. तिथं ‘इंडिओ’ म्हणजे मूळनिवासी. कोलंबसला वाटलं की आपण ‘इंडियास’ला पोचलो, म्हणून तिथली माणसं ‘इंडिओ’ झाली. पुढं हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला. त्यामुळे भारतातून आलेल्या माणसाला इंडिओ म्हणणं बरं दिसत नाही, आणि सगळ्या भारतीयांसाठी सभ्य शब्द उरतो तो ‘हिंदू’. तुम्ही रविवारी चर्चला जात असा, शुक्रवारी मशिदीत जात असा किंवा कुठंच जात नसा, तरी हिंदूच. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पाचशे वर्षांपूर्वी झालेली एक चूक सावरायला लोकांनी दुसरी चूक केली, इतकंच.

तेव्हा मला हा नुसता गमतीचा किस्सा वाटला होता. दोन दिवस त्या शहरात फिरल्यावर मात्र वाटू लागलं की अकापुल्कोचा सगळा इतिहासच या गोष्टीत आहे : बोटीतून उतरणाऱ्या माणसाला बंदर काय नाव देतं, आणि त्या नावानं पुढं त्याचं काय होतं.

*

मार्च २०२३ मधली गोष्ट. मेक्सिको सिटीहून बसनं पाचेक तासांत आम्ही खाली समुद्रावर आलो. अकापुल्कोचा उपसागर नकाशात दिसतो तसाच समोरही दिसतो : तीन बाजूंनी डोंगर, मध्ये जवळजवळ गोल पाणी, आणि काठानं वळत जाणारा एक लांब रस्ता. त्या रस्त्यावर हॉटेलांच्या इमारती एकीला एक खेटून उभ्या. १९५०-६० च्या दशकांत हॉलिवूडचे नट-नट्या इथं सुट्टीला यायचे. ते दिवस सरलेत, हे इमारतींच्या उडालेल्या रंगावरून कळतं. मधल्या काळात टोळीयुद्धांनी शहराचं नाव खराब झालं, परदेशी पर्यटक आटले, क्रूझही कमी झाल्या. पण आम्ही गेलो त्या दिवशी धक्क्याला एक क्रूझ लागली होती. पांढरीशुभ्र, बारा-चौदा मजली, आजूबाजूच्या घरांपेक्षा उंच.

क्रूझच्या दिवशी शहर वेगळंच वागतं. टॅक्सीवाले धक्क्याच्या फाटकापाशी रांग लावतात. चांदीचे दागिने, टोप्या, विणलेल्या पिशव्या फुटपाथवर मांडल्या जातात. ला केब्राडाच्या कड्यावरून समुद्रात सूर मारणारी पोरं तयार होतात. प्रवासी सकाळी उतरतात, दंडावर स्टिकर लावून गाईडच्या मागं फिरतात आणि संध्याकाळी बोटीवर परततात. एक पाणीवाला म्हणाला, “बोट आली की आमचा रविवार. मग तो मंगळवार का असेना.”

धक्क्याच्या बरोबर समोर, रस्ता ओलांडून थोडं चढून गेलं की सान दिएगोचा किल्ला आहे. पाच कोपऱ्यांचा, बसका, जाड भिंतींचा. मी डहाणूचा. पोर्तुगीज किल्ले बघतच मोठा झालोय, त्यामुळे उंच बुरूज नसलेला किल्ला बघून मला परकं वाटलं नाही. डच समुद्री हल्ल्यांच्या भीतीनं १६१५ ते १६१७ या काळात तो बांधला, आणि गंमत म्हणजे तो बांधणारा अभियंताही डचच होता, एड्रियन बूट. १७७६ च्या भूकंपात हा किल्ला पडला आणि १७८३ पर्यंत नव्यानं उभा राहिला. आता तिथं शहराचं ऐतिहासिक संग्रहालय आहे. तटावर उभं राहिलं की क्रूझचं डेक थेट समोर दिसतं. एकेकाळी याच जागेवरून याच पाण्यावर नजर ठेवली जायची, ती दुसऱ्या एका जहाजासाठी.

*

१५६५ मध्ये आंद्रेस दे उर्दानेता हा खलाशी-धर्मगुरू फिलिपिन्सहून निघाला आणि ऑक्टोबरात अकापुल्कोला पोचला. मेक्सिकोहून पश्चिमेला फिलिपिन्सपर्यंत जाणं सोपं होतं, वारे मागून ढकलत. परतीची वाट मात्र कुणाला सापडत नव्हती. उर्दानेता आधी वर जपानच्या दिशेनं गेला, तिथले पूर्वेकडे वाहणारे वारे आणि प्रवाह पकडले, कॅलिफोर्नियाचा किनारा गाठला आणि मग काठाकाठानं खाली आला. ही वाट सापडली आणि पुढची अडीचशे वर्षं, १८१५ पर्यंत, मनिला ते अकापुल्को अशी जहाजं चालली. वर्षाला एखाद-दुसरं. येताना चार ते सहा महिने लागत. ताजं अन्न संपे, हिरड्या सुजत, माणसं मरत. जी पोचत ती रेशीम, चिनी मातीची भांडी, मसाले, हस्तिदंत आणि आपल्याकडचं सुती कापड घेऊन पोचत. परत जाताना त्याच जहाजांत मेक्सिकोची चांदी भरली जाई.

बोट आली की रविवार, हे तेव्हाही खरं होतं. जर्मन प्रवासी अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट १८०३ मध्ये इथं उतरला. त्यानं लिहून ठेवलंय की एरवी चारेक हजार वस्तीचं हे गाव मनिलाचं जहाज लागलं की नऊ हजारांचं होतं. जत्रा भरे, खेचरांचे तांडे माल घेऊन डोंगर चढत, आणि जत्रा संपली की गाव पुन्हा उन्हात पडून राही.

आता नावाकडे येऊ. हे जहाज मनिलाहून निघे. बांधलेलं असे फिलिपिन्समध्ये, त्यावरचे खलाशी बहुतेक फिलिपिनो, मालक स्पॅनिश. पण मेक्सिकोतले लोक त्याला म्हणत ‘नाव दे चिना’, म्हणजे चिनी जहाज. अकापुल्कोहून राजधानीला जाणारा खेचरांचा रस्ता, तो ‘चीनचा रस्ता’. आणि त्या जहाजातून उतरणारं कुणीही, मग ते फिलिपिनो असो, मलय असो, बंगाली असो की मलबारी, ते ‘चीनो’, म्हणजे चिनी.

संग्रहालयात या व्यापाराचं दालन आहे. काचेमागे निळ्या नक्षीच्या बशा, रेशीम, लाकडी पेट्या. मांडणी सुरेख आहे. वसईकर एका पेटीसमोर बराच वेळ उभा होता. मला म्हणाला, “माल सगळा दिसला. माणसं कुठं आहेत?”

*

माणसंही माल म्हणूनच आली होती. सोळाव्या-सतराव्या शतकात पोर्तुगीज व्यापारी भारताच्या किनाऱ्यावरून आणि आग्नेय आशियातून गुलाम मनिलाला नेत. तिथं ते स्पॅनिशांना विकले जात आणि त्यातले काही चिनी जहाजातून अकापुल्कोला येत. अशी काही हजार माणसं मेक्सिकोत आली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. कागदांत काहींच्या नावापुढं बंगाल, मलबार अशी ठिकाणं दिसतात. पण रकान्यातला मुख्य शब्द एकच : चीनो.

त्यातलं एकच आयुष्य आपल्याला जरा तपशिलात ठाऊक आहे. चरित्रकारांच्या सांगण्यानुसार तिचं मूळ नाव मिरा किंवा मिर्रा. मोगलांच्या राज्यात एका मोठ्या घरात जन्मलेली. पोर्तुगीज चाच्यांनी लहानपणी पळवली. कोचीनला तिचा बाप्तिस्मा झाला आणि कातारिना दे सान हुआन हे नाव मिळालं. मनिलाला विकली गेली, १६२० च्या आसपास अकापुल्कोत उतरली आणि चीनच्या रस्त्यानं डोंगरांपलीकडच्या प्वेब्ला शहरात एका पोर्तुगीज कप्तानाच्या घरी पोचली. मालक गेल्यावर ती मोकळी झाली. पुढं तिचं लग्न एका चीनो गुलामाशी लावलं गेलं. तिला दृष्टांत होतात, अशी ख्याती पसरली. ५ जानेवारी १६८८ ला ती वारली तेव्हा शहर लोटलं होतं.

तिच्या मृत्यूनंतर तिचा गुरू, जेझुइट पाद्री आलोन्सो रामोस यानं तिचं चरित्र तीन जाड खंडांत छापलं. धर्मन्यायालयानं त्यावर बंदी घातली. राजघराणं, चाचे, दृष्टांत, हे सगळं या चरित्रांतूनच आपल्यापर्यंत आलंय. त्यातलं तिचं किती आणि लिहिणाऱ्यांचं किती? तिच्या स्वतःच्या हातचा एकही शब्द नाही. पुढं दोनेकशे वर्षांनी मेक्सिकोतल्या एका झगमगीत पोशाखाशी तिचं नाव जोडलं गेलं : भरतकामाचा सदरा, टिकल्यांचा घागरा. त्याचं नाव ‘चिना पोब्लाना’, म्हणजे प्वेब्लाची चिनी बाई. आज तो मेक्सिकोचा राष्ट्रीय पोशाख मानतात. मोगल मुलखातली बाई, तीही आयुष्यभर साधे जाडेभरडे कपडे घालणारी, चिनी म्हणून एका झगमगीत घागऱ्यात अमर झाली.

हे वाचायला गमतीचं वाटतं. पण चीनो या शब्दावर कुणाचं तरी आयुष्य लटकलेलं होतं. स्पेनच्या राजानं १५४२ च्या कायद्यांनी इंडिओंना गुलाम करायला बंदी केली होती. म्हणजे रकान्यात इंडिओ लिहिलेला माणूस विकता येत नव्हता, चीनो लिहिलेला विकता येत होता. मग काही चीनो गुलाम न्यायालयात जाऊन सांगू लागले की आम्हीही राजाच्या इंडियास मुलखातले, तेव्हा आम्हीही इंडिओ. शेवटी १६७२ मध्ये स्पेनच्या दरबारातून हुकूम निघाला की मेक्सिकोतल्या चीनो गुलामांना मुक्त करा.

आता यातली गुंतागुंत बघा. खरोखर हिंदुस्थानातून आलेल्या बाईला चिनी म्हटलं गेलं. सुटायचं तर तिनं इंडिओ व्हायचं, म्हणजे अमेरिकेतल्या त्या माणसांचं नाव घ्यायचं, ज्यांना ते हिंदुस्थानच्या नावावरून चुकून मिळालं होतं. आणि चारशे वर्षांनी त्याच गावात मी टॅक्सीत बसून हिंदू झालो, कारण इंडिओ म्हणणं वाईट दिसतं.

तटावर उभं राहून वसईकराला हे सगळं सांगत होतो तेव्हा मध्येच मला माझंच एक काम आठवलं आणि मी गप्प झालो. आमचं प्रोजेक्ट म्हणजे एका जुन्या सिस्टीममधल्या ग्राहकांच्या नोंदी नव्या सिस्टीममध्ये हलवायच्या. जुन्या नोंदींत ‘मूळ ठिकाण’ असा एक रकाना होता. लोकांनी त्यात काय काय भरलं होतं : गावं, जिल्हे, आदिवासी भाषांची नावं, चुकीची स्पेलिंग. दोन आठवड्यांपूर्वी मी एक नियम लिहिला होता : यादीत न बसणारं सगळं ‘इतर’मध्ये टाका. चार ओळींचा कोड. टेस्ट पास झाल्या, कुणी काही विचारलं नाही, आणि मला तो नियम नीटनेटका वाटला होता.

बंदरावरच्या कारकुनालाही चीनो हा शब्द असाच नीटनेटका वाटला असणार.

*

दुसऱ्या दिवशी आम्ही शहराच्या पश्चिमेला पिए दे ला क्वेस्ताकडे गेलो. एका बाजूला खवळलेला पॅसिफिक, दुसऱ्या बाजूला कोयुकाचं शांत खाजण, मध्ये अरुंद पट्टी आणि माडच माड. रस्त्याकडेला एक बाई प्लॅस्टिकच्या कॅनमधून पांढुरकं काही विकत होती. नाव विचारलं तर म्हणाली, “तुबा.”

एक घोट घेतला आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. माडी! आंबट-गोड, किंचित फेसाळ, नाकात जाणारा तोच वास. डहाणूला आणि वसईला वाढलेल्या माणसाला हा वास ओळखायला चष्मा लागत नाही.

तुबा हा शब्द फिलिपिन्सचा. माडाच्या पोईला छेद देऊन रस काढायची कला तिथल्या खलाशांनी या किनाऱ्यावर आणली. हे खलाशी चिनी जहाजातून येत आणि परत जायचं नाव घेत नसत. १६१९ साली सेबास्तियान दे पिनेदा नावाच्या एका स्पॅनिश कप्तानानं राजाला तक्रार लिहिली. १६१८ मध्ये एका जहाजावर ७५ फिलिपिनो खलाशी आले, त्यातले परतले पाचसुद्धा नाहीत. बाकीचे इथंच राहून माडाची दारू गाळतात, ती स्थानिकांना इतकी आवडते की स्पेनची दारू खपेनाशी होईल. म्हणून या लोकांना परत पाठवा, असं त्याचं म्हणणं.

त्यांना परत पाठवणं जमलं नाही. ती माणसं किनाऱ्यावरच्या गावांत मिसळून गेली. त्या सत्तर जणांची नावं पिनेदानं लिहिली नाहीत. पण तुबा हे नाव राहिलं. त्या बाईला मी विचारलं, हा शब्द कुठला? ती म्हणाली, “कुठला म्हणजे? इथलाच.”

परतताना बाजारात शिरलो. फळांच्या गाड्यावर आंबे होते, पिवळे, लांबट. नाव काय? “मनिला.” भारतातून फिलिपिन्सला गेलेलं फळ चिनी जहाजातून इथं आलं आणि बंदराचं नाव लावून बसलं. त्याच्या शेजारी खाकी सालीच्या फळांचा ढीग. मी बघतच राहिलो. चिकू!

गाडेवाला म्हणाला, “चिको सापोते.” आमच्या घरी चिकूची वाडी आहे. घोलवड-डहाणूच्या चिकूला जीआय टॅग मिळाला तेव्हा आजोबांनी पेढे वाटले होते. हे झाड मुळात मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं, हे मी कुठंतरी वाचलं होतं. पण कानांनी ऐकणं वेगळं. हा शब्द नाहुआत्ल भाषेतला, म्हणजे आस्तेक लोकांच्या भाषेतला. तो स्पॅनिशांच्या तोंडी जरा झिजला आणि समुद्र ओलांडून आमच्या वाडीत आला. याच झाडाच्या चिकाला तिथं ‘चिक्ले’ म्हणतात. आपण लहानपणी चघळलेल्या चिकलेटचं नाव त्यावरूनच.

मी तिथूनच घरी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्र झाली होती. आजोबा झोपायच्या तयारीत होते. कॅमेरा ढिगाकडे वळवला.

“आजोबा, हे काय आहे सांगा.”

“चिकू की. फार पिकवलेत रे. कुठला बाजार हा?”

“मेक्सिको.”

“तिकडे पण लावतात होय?”

“आजोबा, मुळात तिकडचाच आहे. आपल्याकडे इथनं आलाय.”

ते जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “असेल. कुणीतरी आणला असेल ना. बी खिशातनं येत नाही आपोआप.”

आजोबांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. चिकू, आंबा, तुबा यांची नावं समुद्र ओलांडून जगली, थोडी झिजली पण ओळखू येतात. ज्यांच्या हातांनी, डोक्यावरून, पोटातून ही सगळी ये-जा झाली, त्यांच्यासाठी मात्र एकच शब्द पुरला. फळाचं नाव विचारलं जातं, कारण ते विकायचं असतं. माणूस विकताना त्याचं नाव विचारायचं नसतं. विचारलं तर विकणं जड जातं.

*

सोमवारी ऑफिसात जाऊन मी ‘इतर’चा नियम काढून टाकला. लोकांनी जे लिहिलं ते तसंच नव्या सिस्टीममध्ये आणलं आणि वर्गीकरणाचा रकाना वेगळा केला. काम दीड दिवसानं वाढलं. कारण विचारलं गेलं तेव्हा “डेटा लॉस होत होता” इतकंच सांगितलं. ते खोटं नव्हतं.

उन्हाळ्यात आम्ही भारतात परतलो. ऑक्टोबर संपता संपता वसईकराचा मेसेज आला : “अकापुल्को बघ.” २५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर ओटिस चक्रीवादळ तिथं धडकलं होतं. आदल्या दिवशीपर्यंत ते साधं वादळ होतं. चोवीस तासांत ते पाचव्या श्रेणीत गेलं, शहराला तयारीला वेळच मिळाला नाही. किनाऱ्यावरच्या हॉटेलांचे नुसते सांगाडे उरले. फोटोंत मी टॅक्स्या शोधत होतो, फळांचा गाडा शोधत होतो.

अधिकृत आकडा सुमारे ५० मृतांचा, आणि तीसेक बेपत्ता. त्यांत बरेचसे खलाशी होते. श्रीमंतांच्या यॉट सांभाळायला ते त्या रात्री उपसागरातच, बोटींवर थांबले होते. पुढचे कित्येक दिवस त्यांच्या घरची माणसं किनाऱ्यावर शोध घेत होती, शोध थांबवू नका म्हणून मोर्चे काढत होती.

एका फोटोत काही बायका समुद्राकडे पाठ करून उभ्या आहेत. प्रत्येकीच्या हातात एक कागद, त्यावर एका माणसाचा फोटो. खाली मोठ्या अक्षरांत त्याचं पूर्ण नाव : पहिलं, बापाचं, आईचं. मी फोटो मोठा करून एकेक नाव वाचलं.